आधी राख, मग पाय

ट्रायफेनाबाईंच्या धाकट्या लेकीनं, लीआनं, शहरातल्या कारकुनाशी लग्न केलं, त्याच्या पुढच्याच हिवाळ्यातली गोष्ट. न्यूफाउंडलंडच्या त्या खाडीत सकाळपासून बारीक भुरभुर पडत होती. थेंब जमिनीला टेकला की गोठून त्याची काच व्हायची. कुंपण, पायवाट, मासे वाळवायचे मांडव, सगळं काचेचं झालं होतं. अशा दिवशी घसरू नये म्हणून तिथली माणसं बुटांवरून लोकरीचे मोजे चढवतात आणि दारात चुलीची राख टाकूनच पाऊल बाहेर ठेवतात.

आत लीआला कळा सुरू झालेल्या. सुईण केतुरामावशी टेकडीपलीकडे. लेकीला सोडून ट्रायफेनाबाईंना हलता येईना. उरला तो जावई, रूबेन. त्याचे चकचकीत बूट पाहूनच बाईंच्या कपाळावर आठी चढायची.

"जावईबापू, हे मोजे बुटांवरून चढवा."

"बुटांवरून मोजे? मग टोपीवरून केसही विंचरू का, सासूबाई?"

"विंचरा. टोपीखाली केसांशिवाय दुसरं काही नाहीच."

मोजे उंबऱ्यातच टाकून तो निघाला. फाटकाशी आपटला. उठला, पुन्हा आपटला. शेवटी चार पायांवर आला आणि तसाच टेकडी चढू लागला.

"तरी म्हटलं, लेकीनं जनावर कुठलं आणलं!" खिडकीतून बाई म्हणाल्या. लीआ कळांतूनही ओरडली, "आई, गप्प बस गं!"

दीड तासानं टेकडीवर दोघं दिसली. मोजे चढवलेली केतुरामावशी ताठ चालत होती. मागून रूबेन रांगत होता, पाठीवर तिची पिशवी बांधलेली, विजारीचे गुडघे फाटलेले.

बाईंना राहवेना. शेजारणींना हाक मारायला त्या दार उघडून धावल्याच. "अगं ए, बघायला या! माझा जावई पाहा, ओझ्याचा—"

पायात मोजे नव्हते. राखेची बादली दाराआड तशीच भरलेली. साठ वर्षं त्याच सगळ्यांना बजावत आल्या होत्या, आधी राख, मग पाय.

डोकं पायरीच्या दगडावर आदळलं. केतुरामावशीनं दाराशी पोचताच एकदा वाकून पाहिलं आणि ती आत लीआकडे गेली. रूबेननं आधी पायरीवर राख पसरली, मग सासूला उचलून आत नेलं.

"बूट पुसून आत ये," बाई पुटपुटल्या. ते शेवटचं बोलणं.

नात दुपारी जन्मली. ट्रायफेनाबाई तिसऱ्या दिवशी गेल्या, १९३४च्या फेब्रुवारीत, अकरा तारखेला.