अक्काच्या घरचं नेपथ्य

यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझाही बसला नव्हता, आणि मी तर तिथे हजर होतो. तुमचे चहाचे कप रिकामे झाल्याशिवाय तालीम काही सुरू होत नाही, तेव्हा ऐका. मधूनमधून त्या कोपऱ्यात पडदा शिवत बसलेल्या बाईंकडे बघू नका. त्यांच्या तोंडात टाचण्या आहेत, आणि टाचण्या आहेत तोवर मी सांगेन ते खरं.

आपल्या मंडळाची पद्धत तुम्हा नव्या लोकांना एव्हाना कळली असेलच. नाटकाचं सामान आपण विकत घेत नाही, सभासदांच्या घरून उचलून आणतो. ज्याच्या घरचं सामान, त्याच्यासाठी दुसऱ्या रांगेत एक जागा राखून ठेवतो. आणायचं काम तेव्हाही माझ्याकडेच. त्या हंगामात चार नाटकं होती, आणि बायकोने बजावलं होतं, "आपल्या घरातला चमचा जरी हलवलात, तर झोपायलाही तिकडेच जा."

मग उरलं कोण? माझी थोरली बहीण, अक्का. राहायची तिसऱ्या मजल्यावर. दाजी गेले आणि तिने त्यांच्या आरामखुर्चीत जी बैठक मारली, ती मारली. जेवण खुर्चीत, झोप खुर्चीत. दार उघडण्यापुरती उठायची. जिना तर तिने वर्षभरात पाहिला नव्हता. डॉक्टर म्हणाले, "पाय अजून शाबूत आहेत. अशाच बसून राहिल्या तर राहणार नाहीत." मी मिनतवाऱ्या केल्या, ओरडलो, रडूनही दाखवलं. ढिम्म हलली नाही.

पहिलं नाटक खुनाचं. प्रेत लपवायला कपाट हवं.

"अक्का, तुझं कपाट नेऊ?"

"ने. मला काय करायचंय?"

प्रयोगानंतर मी तिला हकिगत सांगायला गेलो. कपाटाचं दार असं काही करकरलं, की पहिल्या रांगेतली माणसं खुर्च्यांखाली शिरली आणि खुन्याने घाबरून तिसऱ्या अंकातला कबुलीजबाब पहिल्याच अंकात देऊन टाकला. अक्का खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बिजागरीला तेल घालू नकोस म्हणजे झालं."

कित्येक महिन्यांत ती आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. मी मनात म्हटलं, सापडली वाट.

दुसऱ्या, विनोदी नाटकाला तिचा पलंग नेला. त्याखाली एकाच वेळी तीन नवरे लपले.

"थापा मारतोस. त्याखाली माझी ट्रंक मावत नव्हती!"

"मग येऊन बघ की."

"छे."

तिसरं नाटक राजाचं. त्याला तिचा उभा आरसा नेला, आणि हाताला लागले म्हणून दिवे, टेबल, खिडक्यांचे पडदेही. राजा त्या आरशात इतका रमला, की शत्रू तलवार उपसून मागे ताटकळतोय आणि महाराज मिशी नीट करताहेत! हे ऐकून अक्का हसली. पण दुसऱ्या रांगेतली तिची जागा तिन्ही नाटकांना रिकामीच राहिली. इकडे घरही इतकं रिकामं झालं, की बोललं तर आवाज घुमायचा. उरली एक खुर्ची आणि तिच्यात अक्का.

चौथं नाटक संगीत. त्यातला नायक म्हातारपणी आरामखुर्चीत बसून शेवटचं पद म्हणतो. नायक म्हणजे आपला बँकेतला कॅशियर. वरचा सूर त्याला तालमीत एकदाही लागला नव्हता. दिग्दर्शकबाई म्हणाल्या, "खुर्ची खरोखरीची जुनी हवी. हात घासून गुळगुळीत झालेली." मी मंडळाच्या सुताराला बरोबर घेऊन तिसरा मजला चढलो आणि अक्कापुढे नुसताच उभा राहिलो.

"बोल ना," ती म्हणाली. "आता काय नेणार?"

"ही."

तिने खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरले. "ही नाही. ह्यांच्या पाठीचा खळगा आहे हिच्यात."

"म्हणूनच तर हवी आहे, अक्का."

तिने हळूच खुर्चीचे हात सोडले. मग तोंड धुवायला म्हणून आत गेली, आणि तेवढ्यात आम्ही खुर्ची पळवली.

आता जीव मुठीत धरून ऐका. पद सुरू झालं. कॅशियर खुर्चीत, डोळे मिटलेले, सूर कुठल्या कुठे. इतक्यात मागचं दार उघडलं आणि अक्का आत आली! एकटी! वर्षभर जिना न पाहिलेली बाई तीन मजले खडाखड उतरली होती, चौक ओलांडून घरच्या चपलांनी चालत आली होती. ट्रक थांबले, बस थांबल्या, वाहतूक पोलिसाने तर सलाम ठोकला! ती थेट रंगमंचावर चढली आणि कॅशियरला म्हणाली, "ऊठ." तो उठला. ती खुर्चीत बसली. आणि उभ्याउभ्या त्या पठ्ठ्याला वरचा सूर असा लागला, की व्हायोलिनवाल्याच्या चारही तारा तुटल्या, प्रेक्षकांनी नऊ वेळा वन्स मोअर दिला, आणि नवव्याला...

"अरे थापाड्या!"

कोपऱ्यातल्या बाईंनी टाचण्या तोंडातून काढून हातातल्या पडद्याला टोचून ठेवल्या होत्या.

"कसली चालत येते मी? मी उठायलाच तयार नव्हते. तू आणि तो सुतार मला खुर्चीसकट उचलून तीन मजले खाली घेऊन आलात. सुताराची कंबर आठवडाभर धरली होती. पडदा वर गेला तेव्हा मी आधीपासूनच खुर्चीत होते, म्हणून त्या बिचाऱ्याला उभं राहून गावं लागलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मग अक्का, तू चाललीसच नाहीस म्हणतेस?"

"चालले ना. परत जाताना," अक्का म्हणाली. "दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयोग होता. खुर्ची इथेच ठेवायला हवी होती."