चाकाला दिलेली कारणं

विश्वनाथ होगाडे यांनी जुन्या कर्ण्यांमधल्या चुंबकांचं एक चाक केलं होतं. ‘हे आपलं आपण फिरणं शक्य नाही’ असं कुणी मनापासून म्हटलं, की ते फिरायचं. कारण जितकं पक्कं, तितका जास्त वेळ. शेजारचे रज्जाकभाई ‘छ्या, असं कुठं असतंय व्हय’ म्हणाले, की ते अर्धा फेरा घेऊन परत जागेवर यायचं. विश्वनाथांची धाकटी बहीण कुमुद बोलली, की मात्र चाकावर दुपारी लागलेला दिवा दिवेलागण उलटून गेली तरी जळत राहायचा.

कुमुदने सारी हयात इचलकरंजीच्या एका शाळेत भौतिकशास्त्र शिकवण्यात घालवली होती. परीक्षेतला ‘शास्त्रीय कारणे द्या’ हा प्रश्न तिच्या हाडीमासी खिळला होता. भाजी करपली तरी ती आधी कारण सांगायची आणि ‘म्हणून भाजी करपली’ असा शेवट करायची. दादाचा लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्नं, उरूस, प्रचारसभा. नवे खोके आले तसे त्याचे कर्णे अडगळीत गेले. दादाही त्यांच्या मागोमाग अडगळीत जाऊन बसला, कर्णे फोडले, चुंबकं काढली आणि सायकलच्या रिंगेवर तिरकी तिरकी बसवली.

“एकदा फिरलं की स्वतःची वीज स्वतःच करंल,” तो म्हणाला होता. “बोल, काय म्हणणं आहे तुझं?”

“नाही करणार.”

“ते ठाऊक आहे. जन्मलीस तेव्हा तू रडली नव्हतीस, नाही म्हणाली होतीस. कारण दे.”

कुमुदने कारण दिलं. जवळ येणाऱ्याला चुंबक जितक्या जोराने ओढतं, दूर जाणाऱ्याला तितक्याच जोराने धरून ठेवतं. पूर्ण फेऱ्यात पदरात काही पडत नाही. म्हणून चाक फिरणार नाही. हे वाक्य पुरं झालं आणि चाक फिरू लागलं. रिंगेला टेकवलेला डायनॅमो कुरकुरला, बल्ब पेटला. कुमुदने टेबलाखाली हात घालून पाहिलं, खिडकी लावून पाहिली. मग तिच्याकडून तिची जुनी चूक झाली. दोन गुणांच्या प्रश्नाला चार कारणं लिहायची तिला सवय होती. त्या आठवड्यात चाकासमोर उभं राहून तिने आपल्याजवळची चांगली चांगली कारणं एकामागून एक देऊन टाकली. दादा टाळ्या पिटायचा.

दिलेलं कारण घरातून जातं, हे तिच्या उशिरा लक्षात आलं. आधी कपाटाच्या दाराचं चुंबक धरेनासं झालं; दार दिवसभर उघडं लोंबू लागलं. ‘जास्त असेल तिकडून कमी असेल तिकडेच सगळं वाहतं’ असं तिने चाकाला सांगितलं होतं, तर चहा निवेना. सकाळी ओतलेला चहा संध्याकाळी जीभ भाजायचा. ‘घर्षण शेवटी सगळं खाऊन टाकतं’ असं सांगितल्यावर घरातली फरशी आणि दारापुढची गल्ली तेल ओतल्यासारखी झाली. रज्जाकभाईंचे माग होते. त्यांनी आपल्या दारापासून होगाडेंच्या दारापर्यंत सुताचा दोर ताणून बांधला आणि तो धरून ते घसरत घसरत यायचे.

“बाई, तुमच्या शास्त्रानं म्हातारपणी घसरगुंडी खेळायला लावली बघा.”

“मी एकटीने नाही लावली. तुम्हीही म्हणालात की ‘नाही’ म्हणून.”

“माझं ‘नाही’ स्वस्तातलं.”

एकदा दिलेलं कारण पुन्हा दिलं तर चाक हलत नसे. ते या घरात आता खरं राहिलेलं नसे. चाकाला स्वतःला मात्र यातलं काहीच लागू नव्हतं. त्याचं घर्षण, त्याचं वाहणं शाबूत होतं.

दादाची फुप्फुसं याच सुमारास दमली. त्याच्या नाकाला नळी आली आणि नळीच्या टोकाला प्राणवायूचं यंत्र. त्याच्याही आधी, गल्लीत पाय ठरत होते तेव्हा, विजेची माणसं येऊन गेली होती. त्यांनी चाकावर पेटलेला बल्ब पाहिला. “तुमच्याकडं घरचीच आहे की,” असं म्हणून त्यांनी खांबावरून तार सोडवली, वेटोळं करून खांद्याला अडकवलं आणि नमस्कार करून गेली. आता रज्जाकभाईंनी आपल्या घरून वायर ओढली, पण त्यांच्याकडची वीज उंबऱ्यापाशी येऊन थांबली. जास्त असेल तिकडून कमी असेल तिकडे वाहणं या घरात संपलं होतं. दवाखान्यात न्यायला रिक्षा बोलावली, तर ती गल्लीच्या तोंडाशी जागच्या जागी चाकं फिरवत राहिली. शेवटी यंत्राची वायर दादाच्या चाकाला जोडली. चाक फिरेल तोवर दादाचा श्वास चालेल, एवढाच हिशोब उरला.

कुमुद जपून कारणं देऊ लागली. तिने आवाजाचं कारण दिलं: प्रत्येक कुरकुरीत थोडी शक्ती जाते आणि आवाज लांब जाता जाता विरतो, म्हणून चाक फिरत राहणार नाही. ते काही दिवस पुरलं. तेव्हापासून गावातला कुठलाच आवाज विरेना. वेशीबाहेरचे माग उशाशी लावल्यासारखे खटखटत, आणि कुठल्या तरी लांबच्या आळीतल्या सासू-सुनांचं भांडण स्वयंपाकघरात शब्दन् शब्द ऐकू येई.

“सुनेचं बरोबर आहे,” दादा नळीतून म्हणाला. मग म्हणाला, “कुमे, आता तरी हो म्हण की. डोळ्यांदेखत फिरतंय.”

“हो म्हटलं तर थांबेल.”

“थांबू दे. जन्मात एकदा तुझ्या तोंडून हो ऐकायचंय मला.”

तो मागत होता ते तिच्या ओठांवर येऊन बसलेलं होतं. रोज सकाळ-संध्याकाळ फिरणारं चाक पाहून तिच्या मनात एक हो आपोआप उगवला होता आणि वाढत होता. तो वर आला की चाक मंदावायचं आणि दादाचे ओठ निळे पडायचे. मग ती चाकाकडे पाठ करून भिंतीला तोंड लावून बसे. न पाहता नाही म्हणणं सोपं जाई.

तिला विसावा मिळावा म्हणून एका संध्याकाळी रज्जाकभाई चाकासमोर स्टूल घेऊन बसले. “नाही. होत नाही. शक्यच नाही. माझ्या बापजन्मात बघितलं नाही.” चाक अर्धं पुढे, अर्धं मागे डुलत राहिलं. दादा अर्धा अर्धा श्वास घेत राहिला. असं बराच वेळ चाललं. मग रज्जाकभाई गप्प झाले.

“काय झालं?” कुमुदने विचारलं.

“बाई, खोटं कशाला बोलू. मला आता ते फिरणारच असं वाटाया लागलंय.”

चाक थांबलं. बल्बची तार लाल झाली, मग काळी. यंत्राची घरघर बंद पडली. दादाचा हात पांघरुणावर काहीतरी शोधू लागला.

कुमुदकडे एकच कारण उरलं होतं. ते तिने कधी फळ्यावर लिहिलं नव्हतं. भिंत धरून ती खाटेपाशी आली. तिच्या चेहऱ्यावरून दादाला ते कळलं असावं. त्याने मान हलवली.

“ते नको,” तो म्हणाला. आवाजाला श्वास नव्हता, पण आवाज विरत नसल्यामुळे तो नीट ऐकू आला. “ते राहू दे घरात. मला लागंल.”

“दादा...”

“त्यापरीस हो म्हण. हो म्हण, कुमे.”

कुमुदने त्याच्या ओठांकडे पाहिलं. जांभळाच्या डागासारखा रंग हनुवटीपर्यंत उतरला होता. हो तिच्या जिभेवर तयार होता, अगदी खरा. तिने तो गिळला, चाकाकडे पाठ केली आणि शाळेत सांगायची तशा आवाजात सांगितलं,

“सुरू झालेली प्रत्येक गोष्ट कधी ना कधी थांबते. म्हणून हे चाक चालत राहणार नाही.”

तिला ते मनापासून खरं वाटत होतं. चाकाने एक हिसका घेतला आणि इतका वेग धरला, की चुंबकांची एक करडी पट्टी दिसू लागली. बल्ब पांढराशुभ्र झाला. यंत्र घरघरलं. दादाचे ओठ लाल झाले, लहान मुलाचे असतात तसे. रज्जाकभाई स्टुलावर बसल्या बसल्या “या अल्ला” म्हणत मान हलवू लागले.

दादाने छाती भरून श्वास घेतला, चाकाकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आणि त्याला हसू फुटलं.

“‘नाही’ म्हणूनच वाचवलंस की गं मला,” तो म्हणाला आणि हसला. कुमुदही हसणार होती, पण त्याचं संपायची तिने वाट पाहिली. तो हसत होता. रज्जाकभाईंची मान हलत होती. हसून हसून दादाच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते उशीवर ओघळलं, उशी भिजत गेली, आणि तरी तो हसत होता. हसणाऱ्या तोंडाच्या वरचे दोन डोळे तिच्याकडे टक लावून पाहत होते. त्या डोळ्यांत हसू नव्हतं.

कुमुद खाटेच्या कडेला टेकली. त्याला जरा शांत वाटावं म्हणून तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवायला सुरुवात केली.