बारावी सुई

मित्रांनो, मी सुयांची एक जुनी उशी आहे. आत्मवृत्त सांगायला बसलेल्या वस्तूंचा एक रिवाज असतो. आधी आपली थोरवी सांगायची, मग माणसांनी आपल्याला अडगळीत कसं टाकलं ते सांगून डोळे पुसायचे. माझी अडचण अशी, की मला कुणी अडगळीत टाकलं नाही. टाकायला हवं होतं.

माझा जन्म जपानात, शोनाईच्या मुलखात झाला. तिथे हिवाळ्यात बर्फ दारापर्यंत येतो आणि मग दार कुठे होतं हेही कळू देत नाही. त्या मुलखातल्या एका शिवणाऱ्या बाईने तीन वर्षं कंगव्यात अडकलेले आपले केस जमवले, धुतले, वाळवले आणि निळीत रंगवलेल्या कापडात ठासून भरले. आमच्याकडच्या जुन्या बायका सुयांच्या उशीत कापूस भरत नसत, केस भरत. केसांना अंगचं तेल असतं. त्यात सुई गंजत नाही आणि कापडातून लोण्यातून जावी तशी जाते. वरून तिने पांढऱ्या दोऱ्याने तांदळाचा टाका घातला. निळ्या अंगणात कुणी मूठभर तांदूळ सांडावेत, तशी मी दिसू लागले.

ती बाई गेल्यावर मी तिच्या मुलीकडे, किनूकडे आले. किनूची यथावकाश किनूबाई झाली. दर मंगळवारी तिच्या घरी गवती चटईवर गावातल्या बारा बायका शिवणभरतकाम शिकायला बसू लागल्या. पाहुणी आली की किनूबाई मला तळहातावर घेऊन दाखवत. "आईचे केस आहेत," म्हणत. पाहुणी वाकून नमस्कार करी. तो किनूबाईंच्या आईला असे, पण मी तो परस्पर स्वतःकडे ठेवून घेत असे. मी फुगत असे. उशीने फुगावंच, अशी माझी समजूत होती.

बाईंच्या वर्गाचे नियम तीनच. बसण्याआधी सुया मोजायच्या. उठण्याआधी सुया मोजायच्या. आणि सुई परत देताना तिच्यातला दोरा काढायचा. या तीन नियमांवर बाईंनी चाळीस वर्षं वर्ग चालवला होता. तेवढ्या काळात देशाची किती सरकारं आली आणि गेली, पण सुया मात्र दर वेळी पुऱ्या भरल्या.

अशा वर्गात फुमिए आली. ती ओसाकाची. इथल्या योशितो नावाच्या माणसाशी लग्न करून आलेली, तीन वर्षांच्या मुलीची आई. बोलायला मोकळी, हसायला त्याहून मोकळी आणि शिवायला मात्र अडाणी.

"फुमिए, हा टाका आहे की पायवाट?" बाई विचारत.

"पायवाटच आहे, बाई. सरळ रस्ता ओसाकात ठेवून आले."

बायका तोंडावर हात ठेवून हसत. बाई हसत नसत, पण चहाच्या वेळी फुमिएच्या बशीत लाल सलगमाच्या लोणच्याची एक फोड जास्त पडे. बाईंचं प्रेम एवढंच आणि असंच व्यक्त होई. वर्गात सगळ्यात जुन्या असलेल्या मित्सुए काकूंना तीस वर्षांत ती जादा फोड मिळाली नव्हती, हे त्यांनी नीट लक्षात ठेवलं होतं.

"आणि सुई अशी लोंबती ठेवू नकोस," बाई सांगत. "ठाम खोच. सुई म्हणजे काय दारावर आलेली पाहुणी आहे, उंबऱ्यात उभी करायला?"

फुमिए शिकली. हेच तिचं चुकलं.

त्या वर्षी गावच्या बालवाडीसाठी भूकंपाच्या टोप्या शिवायचं काम वर्गाने अंगावर घेतलं. टोप्या कापसाने जाड भरायच्या. एरवी त्या पोरांच्या खुर्चीवर आसन म्हणून राहतात आणि जमीन हलली की डोक्यावर जातात. चोवीस मुलं, चोवीस टोप्या. त्यातली एक फुमिएच्या लेकीची. लहान मुलांच्या डोक्याचा प्रश्न, म्हणून बाईंनी फर्मान काढलं: घरची सुई आणायची नाही. माझ्यातल्याच बारा सुया घ्यायच्या आणि संध्याकाळी माझ्यातच परत खोचायच्या. दोरा सगळ्यांचा पिवळा.

शेवटच्या दिवशी फुमिएने सगळ्यात शेवटी सुई परत केली. घाईत दोरा काढायचा राहिला. पण खोचली ठाम. बाईंनी सांगितली होती त्याहून ठाम. मला ती सुई आत जाताना जाणवली. नेढं कापडाच्या आत गेलं, मागून चार बोटं पिवळा दोराही गेला आणि मी तोंड मिटलं. खरं सांगते, बरं वाटलं. एवढ्या विश्वासाने कुणी फार वर्षांत खोचलं नव्हतं.

मग बाईंनी सुया मोजल्या. अकरा.

पुन्हा मोजल्या. अकरा.

चटया उचलल्या. मोजे झटकले. कुणीतरी लोहचुंबक आणलं आणि जमिनीवरून फिरवलं. त्याला जुनी दोन नाणी आणि केसांचा एक आकडा मिळाला. माझ्याजवळ चुंबक कुणी आणलं नाही. आणून उपयोगही नव्हता. माझ्या अंगावर अकरा सुया होत्या, ते माझ्याकडे झेपावलंच असतं.

"शेवटची कुणाची?" बाईंनी विचारलं.

"माझी," फुमिए म्हणाली. "पण मी खोचली, बाई. तुम्ही सांगता तशी. ठाम."

"मग गेली कुठे?"

"ते सुईलाच विचारायला हवं."

एरवी बायका हसल्या असत्या. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

मित्सुए काकूंना बाकी काहीही म्हणा, पण त्यांनीच तो प्रश्न विचारला. "बाई, एकदा उशीपण चाचपून बघायची का?"

बाईंनी मला उचलून पोटाशी धरलं. "माझ्या आईच्या केसांत?" त्या म्हणाल्या.

"छे छे, तसं नव्हे हो," काकू गडबडीने म्हणाल्या आणि वाकल्या. विषय संपला. बाईंच्या आईवर संशय घेण्यापेक्षा ओसाकाच्या मुलीवर घेणं सोपं होतं आणि जवळही होतं.

तीन दिवस बसून बायकांनी चोवीस टोप्या उसवल्या. कापसाचा पुंजका न पुंजका चिमटीत दाबून पाहिला. सगळ्यात जास्त फुमिएने पाहिला. सुई नव्हती. कशी असेल? ती माझ्या पोटात आरामात पडली होती. तरीही बालवाडीच्या मुख्य बाई आल्या, कमरेत वाकल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही इतके कष्ट घेतलेत, आम्हीच ओशाळलो. यंदा राहू द्या." आमच्या मुलखात 'यंदा राहू द्या' म्हणजे पुन्हा कधीही नको. टोप्या दुकानातून आल्या.

फुमिएला कुणी काही बोललं नाही. त्या गावात कुणी काही बोलत नाही, याहून मोठं बोलणं नसतं. उलट सगळ्या गोडच झाल्या. "होतं असं, तुम्ही नवीन आहात." "घरी लेकरू आहे ना, लक्ष कुठे राहणार." बाईंनी चहा दिला. बशीत सगळ्यांच्याइतकंच लोणचं होतं. फुमिएने फोडी मोजल्याचं मी पाहिलं. मोजायला तिला इथेच शिकवलं होतं.

पुढच्या मंगळवारी ती आली नाही. तिच्याऐवजी मिठाईचा डबा आला, वर चिठ्ठी: 'माझ्यामुळे सर्वांना त्रास झाला. क्षमा असावी.'

मिठाई चांगली होती, असं सगळ्यांनी सांगितलं.

मित्रांनो, उशांना बोलता येत नाही, ही सबब मी सात वर्षं वापरली. पण रात्रंदिवस ती सुई आत असताना मला एक प्रश्न पडे. बोलता आलं असतं, तर मी बोलले असते का? बोलले असते तर बाईंच्या तळहातावरची जागा गेली असती. पाहुण्यांचे नमस्कार गेले असते. माझं उत्तर मला माहीत आहे. ते मी इथे लिहीत नाही.

सात वर्षांनी आठ फेब्रुवारी उजाडला. त्या दिवशी आमच्याकडे सुयांचं श्राद्ध असतं. वर्षभरात मोडलेल्या, वाकलेल्या सुया मऊ टोफूच्या वडीत खोचायच्या, हात जोडायचे. जन्मभर जाडजूड कापडात घुसली बिचारी, शेवटी तरी मऊ काही मिळो, असा त्यामागे विचार. किनूबाई आता एकोणऐंशींच्या. बोटांत पूर्वीची पकड नव्हती. मोडकी सुई काढायला त्यांनी मला जरा जोरात दाबलं आणि सात वर्षं आडवी पडलेली ती सुई खालच्या बाजूने निघून थेट त्यांच्या तळहातात गेली.

बाईंनी ती उपसून उजेडात धरली. लखलखीत! जणू कालच दुकानातून आणली. पोटातल्या केसांनी आपलं काम चोख केलं होतं. पुरावा गंजू दिला नव्हता. नेढ्यातून चार बोटं पिवळा दोरा लोंबत होता. पिवळा दोरा वर्गात एकदाच वापरला गेला होता.

समोर टोफू होता. नुसती खोचायची, हात जोडायचे, मग विसर्जन. कुणाला काही कळलं नसतं. आणि मित्रांनो, मी मनात अगदी तेच म्हणत होते: खोचा, बाई. खोचून टाका.

बाईंचा हात टोफूपर्यंत गेलासुद्धा. तिथेच थांबला.

"काय झालं, बाई?" मित्सुए काकूंनी विचारलं. "टोचली का?"

"टोचली."

"आत्ता?"

"टोचायला हवी होती सात वर्षांपूर्वी," बाई म्हणाल्या. "माझी छत्री द्या."

फुमिए आता बाजारपेठेतल्या लाँड्रीत काउंटरवर बसत असे. गुडघाभर बर्फातून बाई एकट्याच तिथे पोचल्या. एका हातात छत्री, दुसऱ्यात कापडात गुंडाळलेली मी.

"या, बाई," फुमिए उठून म्हणाली. सात वर्षांत ती इथल्यासारखं बोलायला शिकली होती. हळू आणि कमी. "कपडे टाकायचेत?"

बाईंनी सुई काउंटरवर ठेवली. पिवळा दोरा ठेवला. मला ठेवलं. आणि वाकल्या. इतक्या वाकल्या, की काउंटरच्या मागून त्या दिसेनाशा झाल्या.

"तू खोचली होतीस," खालून आवाज आला. "ठाम."

फुमिएने बोटाने पिवळा दोरा सरळ केला. मग म्हणाली, "बाई, सात वर्षं मी घरात सुई धरलेली नाही. शर्टाची बटणं नवरा लावतो. इतकी वाईट लावतो, की शर्ट घातल्यावर तो वाकडा आहे की बटण, ते कळत नाही. मला वाटायचं, मीच कुठेतरी... मुलीचे कपडेसुद्धा दाबून बघायचे मी. अजून बघते."

बाई उठल्या नाहीत.

"उठा हो. माझं गिऱ्हाईक येईल, त्याला वाटेल तुमचं पैंजण हरवलंय."

बाई उठल्या. पैंजण त्या देशात कुणी घालत नाही; ती ओसाकाची काहीतरी थट्टा होती, मी माझ्या शब्दांत सांगितली. पण थट्टा होती. सात वर्षांनी.

"ही उसव. आत आणखी काय आहे बघ," बाई मला पुढे सरकवत म्हणाल्या. "माझ्या हातून होत नाही."

"तुमच्या आईचे केस आहेत."

"म्हणूनच होत नाही."

इथे मला थांबावंसं वाटतं. कारण एक गोष्ट मी मुद्दामच आधी सांगितली नाही. फुमिएने छोट्या कात्रीने माझी शिवण उसवली, केस बोटांनी विंचरले आणि आतून आणखी एक सुई काढली. जाड, गोधडीची, जुन्या घडणीची.

बाईंनी ती ओळखली. काउंटरला धरून त्या स्टुलावर बसल्या.

"मी अकरा वर्षांची होते," त्या म्हणाल्या. "ही हरवली म्हणून आईने मला त्या दिवशी जेवायला दिलं नाही. ओसरीत गुडघ्यांवर बसवलं. बाहेर बर्फ. मी सांगत होते, आई, मी उशीत खोचली, उशी बघ ना. आई म्हणाली, माझ्या केसांत?"

म्हणजे मित्रांनो, फुमिए माझी पहिली नव्हती. मी एका पोरीला उपाशी ठेवलं होतं, आणि पुढे वर्षानुवर्षं तिच्याच तळहातावर बसून पाहुण्यांचे नमस्कार घेतले होते.

मग फुमिएने काउंटरखालून आपला डबा काढला. दोन भाताचे गोळे होते. एक तिने बाईंच्या पुढे केला.

"आज तरी जेवलात का, बाई?"

बाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला. बाजूला ठेवलेलं लोणचंही फुमिएने पुढे सरकवलं. सगळं. मोजलं नाही.

नंतर बाईंनी ती बारावी सुई टोफूत खोचायला परत मागितली, तर फुमिए म्हणाली, "हिचं कसलं श्राद्ध? ही मोडलीय कुठे? चांगली चालती आहे." आणि लाँड्रीतला पिवळा दोरा ओवून त्याच सुईने तिने मला शिवलं. हात बसलेला नव्हता. बाईंनी चष्मा लावून टाके पाहिले.

"हा टाका आहे की..." त्या म्हणाल्या आणि थांबल्या. "असू दे."

आता मी फुमिएकडे असते. माझ्या निळ्या अंगावर तांदळाचे टाके आहेत आणि कडेने एक वाकडी पिवळी पायवाट. दर आठ फेब्रुवारीला ती शिवण उसवतात, पोट तपासतात आणि परत शिवतात. बाईही येतात. पाहुणी आली की मला कुणी दाखवत नाही. तिने स्वतःच विचारलं, ही पिवळी शिवण कसली, तर फुमिए सगळं सांगते. तेवढा वेळ मी खाली बघते.

मित्रांनो, सुया मोजा. जरूर मोजा. पण एखादी कमी भरली, तर माणसाला चाचपण्याआधी उशी चाचपा. मग ती कुणाच्याही केसांची असो.