विहिणीच्या शिव्या

हळदीत विहिणीला गाण्यातून शिव्या द्यायच्या आन् तिनं तितक्याच जोरात त्या परत करायच्या, ही आमच्या मुखेडाकडची रीत. जिला उत्तर सुचलं न्हाई ती हरली. आन् कुणी उत्तरच दिलं न्हाई, तर समजायचं आपल्याला मोजलंच न्हाई.

माझी विहीण भोकरची कावेरीबाई, म्हणजे माझ्या सुनेची, शिल्पाची माय. जिभेची लई तिखट! माझ्या भागवतच्या हळदीत तिनं मला असं धुतलं की बायका हसून लोळल्या. मी काय गप बसते व्हय? तवापासून घरात कुणाचंबी लग्न निघू द्या, आम्ही दोघी समोरासमोर. एरवी वर्ष वर्ष बोलणं न्हाई. ती औंदा उन्हाळ्यात गेली.

नातीच्या, शिल्पाच्या वर्षाराणीच्या हळदीला लातूरला गेले तवा मनात एकच धाकधूक. आता मला उत्तर कोण देणार?

नवरदेवाकडच्या बायका उष्टी हळद घेऊन कार्यालयात आल्या. म्या पदर खोचला आन् नवरदेवाच्या मायवर, राजकन्याबाईवर, सोडलं:

"आली बाई विहीण, हिचं नाक जशी माडी,
घरात न्हाई मीठ आन् नेसली भरजरी साडी!"

"किती भारी आजी, परत म्हणा ना!" राजकन्याबाईंनी मोबाईल काढला. आगं, व्हिडिओ काय काढतीस, तोंड उघड की! समद्यांनी टाळ्या वाजवल्या आन् गप बसल्या.

माझं तोंड उतरलेलं वर्षाराणीनं पाहिलं. "थांब आजी, एआयला सांगते उत्तर द्यायला." तिनं माझ्या ओळी मोबाईलला सांगितल्या. घडीभरात स्पीकरमधून एका बाईचा गोड आवाज आला, ढोलकीसकट:

"आजीबाई प्रेमळ, मायेची सावली,
आशीर्वाद द्याया जणू लक्ष्मी धावली!"

आवाज माझ्यापेक्षा लाखपट चांगला, खोटं कशाला बोलू. "आगं बये, तिला म्हणावं शिवी दे!" वर्षाराणीनं तसं सांगितलं. मग ते गायलं, आजीचा चष्मा जाड, पण मन साखरेवानी गोड. बायका नाचाया लागल्या.

माझं टाळकंच सणकलं. मेलीला माझी एक खोट ठाव न्हाई! कावेरीला समद्या ठाव होत्या. माझी भाकर करपते, मी घोरते, पाहुण्याच्या चहात साखर टाकताना माझा हात आखडतो. इतकं ध्यान माझ्याकडं नवऱ्यानंबी कधी दिलं न्हाई.

"बंद कर ते," म्हणलं. आन् खाली बसून कावेरीच्या चिरक्या आवाजात तिचंच गाणं माझ्यावर म्हणाया लागले:

"सिंधू विहीण आमची, हिचा आखडता हात,
चमचाभर साखरेत हिनं पाजली सारी वरात!"

शिल्पा जेवणाचं बघून राहिली होती. मायचा आवाज ऐकून दारातच थबकली आन् तोंडात पदर कोंबून रडाया लागली.

आता पाळी माझी होती. इतक्या वर्षांत मी कधी अडले न्हाई. कावेरीचं तोंड दिसलं की असा राग यायचा, ओळ आपसूक निघायची. समद्या माझ्याकडं बघून राहिल्या होत्या. वर्षाराणीनं मोबाईल उचलला, पण माझ्याकडं बघून परत खाली ठेवला.

मी समोरच्या रिकाम्या सतरंजीकडं बघत बसले.

"कावेरे," म्या म्हणलं, "घे, तू जिंकलीस."