भुकेची परीक्षा

निर्वासितांच्या छावणीतल्या आमच्या तंबूत मी रोज सकाळी एक भाषण द्यायची. ते मला वरच्या लोकांनी पाठ करायला दिलेलं होतं, पण इतक्या वेळा देऊन झालं होतं की आता ते माझंच वाटायचं. पाकीट उंच धरायचं आणि रांगेतल्या बायांना सांगायचं, की यात शेंगदाणा, साखर, दूध, तेल सगळं असलं तरी हा खाऊ नाही, औषध आहे. ज्या पोराचा दंड मापाच्या पट्टीवर लाल दाखवतो, म्हणजे फारच बारीक भरतो, त्याच पोराचं. भावंडांचं नाही, नवऱ्याचं नाही, आणि तुमचं तर नाहीच नाही. मोठ्या माणसाने बोटसुद्धा लावायचं नाही.

बाया माना डोलवायच्या आणि घरी जाऊन एका पाकिटाचे घरात जेवढी तोंडं तेवढे वाटे करायच्या. पुढच्या खेपेला पोर काट्यावर बसवलं की काटा चुगली करायचा. मी चिडायची, त्या जमिनीकडे बघायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भाषण. माझं अक्षरशः ऐकणारी अशी एकच बाई मला भेटली आणि तिनेच माझ्या नाकी नऊ आणले.

ती आत्या होती. रांगेत सगळ्या आया, त्यामुळे तिने आल्या आल्या सांगून टाकलं, मी आई नाही, आत्या आहे. कुणी विचारायच्या आत कबूल केलेलं बरं, अशा सुरात. पूर्वी शिवणकाम करायची. भाचीचा फ्रॉक दोन्ही बाजूंनी आत घेतलेला होता, आणि मग पुन्हा एकदा आत घेतलेला होता, टाके मशीनने घातल्यासारखे सरळ. पोर आटत गेली आणि आत्या शिवत गेली. भाऊ आणि वहिनी वाटेत राहिले, एवढंच म्हणाली. इथे कुणी वाटेत राहिलं म्हणालं की पुढचं विचारायचं नसतं. तंबूत तिचे म्हातारे वडील होते, कंबरेखाली हालचाल नाही, कूस बदलायलाही हिचाच हात लागायचा.

पोरीला ती ठकू म्हणायची. वय तीनच्या पुढे, पण मांडीवर घेतली तर रिकामी पिशवी घेतल्यासारखी. दंडाला पट्टी लावली, लाल. पायावर सूज नाही, ताप नाही, छाती स्वच्छ. मला जरा हायसं वाटलं. अशा पोराला पाकिटं देऊन घरी पाठवता येतं. फक्त एक गोष्ट बघायची राहते, त्याला भूक आहे का. पाकिटाचा कोपरा फाडून पोराच्या हातात द्यायचं आणि शांत बसून बघायचं. खाल्लं तर घरी. नाही खाल्लं तर आत काहीतरी बिघडलंय असं धरायचं आणि पुलापलीकडच्या दवाखान्याच्या वॉर्डात पाठवायचं. तिथे घरच्या माणसाने सोबत राहावं लागतं, पोर सुधारेपर्यंत.

आत्याने साबणाने हात धुतले, पोरीचे धुतले, कोपऱ्यातल्या चटईवर बसली. ठकूने पाकीट दोन्ही हातांत घेतलं, कोपऱ्यातून वर आलेल्या लगद्याकडे बघितलं आणि आत्यापुढे धरलं. आत्याने हळूच मागे सारलं. तुझं आहे, खा. पोरीने पुन्हा धरलं, आत्याने पुन्हा सारलं. मग ठकूने पाकीट मांडीवर ठेवलं आणि तोंड तंबूच्या कापडाकडे केलं.

पाकीट परत देणारी पोरं मी पुष्कळ पाहिली आहेत. जीव विझायला लागला की पोरं अशीच सगळं परत करायला लागतात.

"निघताना पीठ कालवून पाजलंय तिला," आत्या म्हणाली. "पोट भरलेलं असेल."

मी कपाळावर हात मारला. ही भुकेची परीक्षा आणि तू पोरीला खाऊ घालून आणलीस?

"रिकाम्या पोटी आणली असती तर लोक म्हणाले असते, आत्या भाचीला उपाशी ठेवते."

रांगेत पार शेवटी एक बाई होती, प्रत्येक गोष्टीवर वाद घालायची म्हणून तिला सगळे वकीलीण म्हणायचे. ती म्हणाली, परीक्षेला कुणी पोराला उपाशी पाठवतं का हो मावशी? रांग हसली. मला मावशी सगळे म्हणतात, पण ती म्हणाली की शिवी दिल्यासारखं वाटायचं.

डॉक्टरीणबाई आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या, डोळ्यांखाली माझ्या वयाच्या. पोट भरलंय हे कारण त्यांनी आधीही ऐकलं होतं. एका पोराबद्दल ऐकलं होतं, मानलं होतं, आणि ते पोर परत आलं नव्हतं. त्यामुळे त्यांच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्या बरोबरच होत्या. त्यांनी मुदत दिली. दुपारी वॉर्डाची गाडी येईपर्यंत थांबा, पुन्हा एकदा द्या. तेव्हाही खाल्लं नाही तर पोर गाडीत बसेल.

"आणि तुम्ही मध्ये पडायचं नाही," त्या मला म्हणाल्या.

मी आत्याला विचारलं, गाडीत बसायची वेळ आली तर वडिलांजवळ कोण राहील? शेजारी? ती म्हणाली, शेजाऱ्यांना आपापलं पुरे आहे. मग म्हणाली, बघू.

हे 'बघू' मला चांगलं माहीत आहे. 'बघू' म्हणणारी बाई रडत नाही, भांडत नाही, गाडी येईपर्यंत नीट बसून राहते आणि गाडी आली की तिची जागा रिकामी असते. म्हणजे पोरीने खाल्लं नाही तर वॉर्ड नाही, पाकिटं नाहीत, काहीच नाही. आणि ते खरंच पिठाने भरलेलं पोट होतं की पोरीचा जीव विझत होता, हे मला कळायला मार्ग नव्हता. मी बाकीच्या पोरांचे दंड मोजत राहिले, पण पट्टी दोनदा उलटी लावली. एका आईने सांगितल्यावर कळलं.

दुपार व्हायला आली तरी ठकू आत्याच्या मांडीवर तशीच, कापडाकडे तोंड करून. आत्यानेही सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नव्हतं. मी तिच्यावर रागावलेलीच होते, पण रागावलेल्या माणसालाही दुसऱ्याचे सुकलेले ओठ दिसतात. माझ्या डब्यात बिस्किटं होती. एक तिला दिलं. नको म्हणाली. पुन्हा दिलं, पुन्हा नको. तिसऱ्यांदा मी आवाज चढवला, तेव्हा माझा मान ठेवायला म्हणून तिने एक कोपरा मोडला आणि तोंडात टाकला.

मांडीवरची मान वळली, एक हात वर आला. ठकूने आत्याच्या बोटांतून उरलेलं बिस्कीट काढून घेतलं आणि खाल्लं. सावकाश, शहाण्यासारखं, भुगा न सांडता. मग फ्रॉकला तोंड पुसलं.

चाचणीच्या आधी पोराला काही द्यायचं नाही, हा माझाच नियम. पण तो मला नंतर आठवला.

"ही घरी कशी जेवते गं?" मी विचारलं.

आत्याला प्रश्नच कळला नाही. जेवते कशी म्हणजे? मग सांगितलं. वहिनी पोरीला भरवायच्या आधी पहिला घास स्वतः खायची, गरम आहे का बघायला. गार भातालासुद्धा. सवयच ती. पोरही तशीच झाली, आईने खाल्लं की हिने तोंड उघडायचं.

"आणि आता?"

"आता मी तिच्या वाट्याला शिवत नाही," आत्या ताठ बसून म्हणाली. तिने हे ठरवलेलंच होतं. मिळतं ते इतकं थोडं. त्यातलं पोरीचं पोरीला, बापाचं बापाला, उरलं तर आपलं. पोर तोंड उघडेना तर पीठ पातळ करून घोट घोट पाजायचं. पोरीच्या वाटीत चमचासुद्धा घालायचा नाही, म्हणजे कुणाला बोट दाखवायला जागा नको.

मला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर ते कळेना. या बाईने आपलं पोट मारून सगळं पोरीपुढे ठेवलं होतं, आणि पोर घरचं माणूस आधी खाईल म्हणून वाट बघत बसली होती, वाटीमागून वाटी.

मी नवीन पाकीट फोडलं आणि तिला म्हटलं, तू खा आधी.

तिने हात मागे घेतले. "सकाळी तुम्हीच सांगितलंत. मोठ्या माणसाने बोट लावायचं नाही."

मी म्हटलं, ते बाकीच्यांना. ती म्हणाली, असं कुठे सांगितलं होतं? मी म्हटलं, आता सांगते आहे. तिने रांगेकडे बघितलं. सगळ्या बायांच्या नजरा आमच्याकडे. एवढ्या साक्षीदारांसमोर अनाथ भाचीचं औषध खायला मी तिला सांगत होते. तिच्या जागी मी असते तर मीही खाल्लं नसतं.

मग मीच बोट बुडवून चाटलं आणि ठकूकडे बघून मान हलवली. तिने माझ्याकडे असं बघितलं, की ही कोण बाई आणि हिच्या खाण्याशी माझा काय संबंध. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

"अगं, तुझ्या खाण्याने तिचं कमी नाही होत," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच नको इतका फुटला. "तू खात नाहीस म्हणून ती खात नाही. कळतंय का तुला?"

आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग पोरीकडे. तिने पाकीट घेतलं, डोळे मिटले आणि बोटभर लगदा तोंडात घातला, जहाल काढा घ्यावा तसा. ठकू तिच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. आत्याने गिळलं, तोंड उघडून दाखवलं. तेव्हा पोरीने पाकीट ओढून घेतलं.

डॉक्टरीणबाई कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलं नाही. ठकू दर थोड्या वेळाने थांबून तोंड पुसत होती. गाडीवाला दुसऱ्यांदा हॉर्न वाजवत होता, आणि मला वाटत होतं, जाऊन त्याचं स्टिअरिंगच काढून आणावं. पाकीट चपटं व्हायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी ते हातात घेऊन चेपून बघितलं, पोरीला परत दिलं.

"घरी पाठवा," त्या म्हणाल्या. "परवा पुन्हा आणायची. मध्ये ताप आला, उलटी झाली, खाणं थांबलं, तर वडील असोत की कुणी, गाडी." बाहेर जाऊन त्यांनी गाडी सोडून दिली. खूष झालेल्या दिसल्या नाहीत. मीही नव्हते. एका दुपारच्या खाण्याने पोर वाचत नाही, हे दोघींनाही माहीत होतं.

आत्याने पाकिटं ओच्यात बांधली. निघता निघता मागे वळली.

"प्रत्येक वेळी खायचं मी?"

"प्रत्येक वेळी. बोटभर."

"आणि कुणी काही बोललं तर?"

"तर म्हणावं, मावशीने लिहून दिलंय." लिहून काही दिलं नव्हतं. तूही पोटभर जेवत जा, असं पुढे जिभेवर आलं होतं, पण कशातलं जेवत जा हे सांगता येणार नव्हतं, म्हणून गिळलं. मोठ्यांसाठी आमच्याकडे पाकीट नसतं.

ती गेली. ठकू तिच्या खांद्यावरून, रिकामं पाकीट दातात धरून, माझ्याकडे बघत होती.

मी पट्टी उचलली आणि पुढचं कोण म्हणून विचारलं. पुढची वकीलीण होती. मुलाला कडेवरून उतरवत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मावशी, आमचाही घरच्यांनी बोट लावल्याशिवाय खात नाही हो. बोट माझं, त्याच्या आजीचं, आणि ह्या मोठ्या भावाचं."

मुलगा टेबलावरचं पाकीट ओढून, ते फाडायच्या आतच, त्याचा कोपरा चावत होता.