स्टँडवरची तपासणी

दुकानदार स्वतःहून स्वस्त वस्तू पुढे करायला लागला की समजावं, कुठेतरी पाणी मुरतंय. भोसरीच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं मी तपासणी खात्यात होतो. बाहेरून आलेला प्रत्येक नग मोजायचा आणि मगच आत घ्यायचा, हे माझं काम. ‘माल एक नंबर आहे हो’ असं जो जास्त वेळा म्हणायचा, त्याचाच माल मी जास्त वेळा परत धाडलाय.

त्यामुळे कॅम्पातले रज्जाक तांबोळी जेव्हा म्हणाले, “साहेब, माझं ऐका, ही हलकी घ्या, आठ हजार वाचतील,” तेव्हा मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. आठ हजार वाचणार माझे, आणि आनंद यांना!

काचेच्या काउंटरवर मिररलेस कॅमेऱ्याच्या दोन बॉड्या ठेवलेल्या होत्या. बॉडी म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा; हा शब्द मी घरी पहिल्यांदा उच्चारला तेव्हा माझी बायको मुक्ताई दचकली होती. दोन्ही वापरलेल्या, एकाच कंपनीच्या. पक्ष्यांसाठी घेतलेली माझी लांब लेन्स दोन्हींना बसत होती. हलकी नवी होती, पक्ष्याचा डोळा आपोआप शोधायची. जड पाच वर्षं जुनी, पण तिच्यात एक सोय होती. आपला हात हलला, की आतला सेन्सर बरोबर उलट बाजूला हलतो आणि फोटो स्थिर येतो.

मला तेवढंच हवं होतं. माझा उजवा हात दिवाळीपासून थरथरतोय. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी आटोक्यात राहील, पण हळूहळू वाढणार. मी हे कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मुक्ताईला तर नाहीच नाही. तिला कळलं असतं तर त्याच दिवशी स्कूटरची किल्ली गेली असती, आणि किल्ली गेली की पहाटे खडकवासल्याच्या पाण्यावर जाणं संपलं. मग काय, सोसायटीच्या बाकावर बसायचं आणि एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करायची? तसलं म्हातारपण मला नको होतं. म्हणून चार महिने मी उजवा हात खिशात घालून फिरत होतो. बिनखिशाचे झब्बेही बोहारणीला देऊन टाकले होते.

“हलकीच घ्या हो,” शेजारी उभी असलेली मुक्ताई म्हणाली. “मान धरते तुमची. आणि हे सांगतायत ना!”

“ते सांगतायत म्हणूनच नको,” मी म्हणालो.

रज्जाकभाई हसले. ते हसणंही मला काही सरळ वाटलं नाही.

मी पिशवीतून माझी लेन्स आणि स्वतःचं मेमरी कार्ड काढलं, छोटा स्टँड काढला आणि एक लग्नपत्रिका काढली. पत्रिकेच्या तळाला विनीतांची यादी होती, बावीस नावं, मुंगीएवढ्या अक्षरात. ती समोरच्या भिंतीवर चिकटवली. स्टँड काउंटरवर ठेवला आणि टायमर लावला, म्हणजे बटण दाबून हात लगेच मागे घेता येतो.

“स्टँडवर कशाला?” रज्जाकभाईंनी विचारलं. “पक्षी काय स्टँडवर काढता?”

“दोन्ही नग एकाच बैठकीवर तपासायचे. नियम आहे.”

“कुणाचा?”

“माझा.”

हलकीनं दहा फोटो काढले. बावीसच्या बावीस विनीत स्वच्छ. मग जड बॉडी लावली. दहातले सात फोटो धूसर! एकेका विनीताला दोन दोन डोकी. ज्या सोयीवर मी जीव टांगून बसलो होतो, तीच नादुरुस्त! आता काही बोलायचीही सोय नव्हती, कारण जड का हवी होती ते तर सांगता येणार नव्हतं.

अशा वेळी माझा जो पारा चढतो, तो चढला.

“हा स्क्रू बघा,” मी म्हणालो. “खाच घासलीय. ही बॉडी कुणीतरी उघडलेली आहे.”

“मीच उघडली. धूळ काढायला. बिलावर लिहून देतो.” रज्जाकभाईंचा आवाज आता कोरडा झाला होता. “साहेब, साधी गोष्ट आहे. स्टँडवर ठेवली की ती सोय बंद करायची असते. जुन्या बॉडीत तिला हलणारा हात सापडला नाही, की कधीकधी ती आपणच हलायला लागते. बंद करा आणि परत काढा.”

“वा! म्हणजे जे विकताय तेच बंद करून तपासू? ब्रेक काढलेली गाडीसुद्धा उभी असली की बरीच दिसते.”

“मग चालू ठेवा आणि हातात धरून काढा. हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

“हातात नाही.”

“का?”

मी भिंतीवरची पत्रिका उगाच सरळ केली. रज्जाकभाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. ती नजर मी बरोबर ओळखली, कारण चौतीस वर्षं ती माझीच होती.

“माझ्याकडे येणारा माणूस पहिल्यांदा कॅमेरा डोळ्याला लावतो,” ते म्हणाले. “तुम्ही आल्यापासून एकदाही लावला नाहीत. टायमर काय, पत्रिका काय, स्क्रू काय! तुम्हाला खरंच कॅमेरा घ्यायचाय, की कुणी पाठवलंय खोड काढायला?”

“अहो, काय बोलताय!” मुक्ताई म्हणाली. पण म्हणताना बघत माझ्याकडे होती.

“राहू द्या, वहिनी. या जड बॉडीसाठी एकजण संध्याकाळी येणारच आहेत. फोनवर शब्द दिलाय, म्हणून तर यांना हलकी घ्या म्हणत होतो.” त्यांनी स्टँडवरची जड बॉडी उचलली, लेन्स काढून बाजूला ठेवली, बॉडी खोक्यात घातली आणि खोक्याचं झाकण लावायला घेतलं.

“झालं तर मग,” मुक्ताईनं पर्समधून फोन काढला. “हलकी द्या. पैसे कुठे पाठवायचे?”

ते झाकण लागलं असतं तर माझं सगळं संपलं असतं. हलकी घरी आली असती, पुढच्या आठवड्यात मी तिच्यातून वीस धूसर बगळे काढले असते, आणि महिन्याभरात कॅमेरा कपाटात गेला असता.

“थांबा!” मी ओरडलो. “द्या इकडे.”

काउंटरवर हलकी होती ती आधी उचलली आणि तिला लेन्स लावली. लेन्स लांब, त्यामुळे पुढचं टोक थरथरत होतं. मी डावा हात खाली लावला, श्वास धरला, बटण दाबलं. फोटोत नावं कसली, नुसती काळी रेघ. मग तीच लेन्स जड बॉडीला लावायला घेतली. ती दोनदा घसरली, तिसऱ्यांदा खटकन बसली. पत्रिकेवर रोखली आणि पुन्हा बटण दाबलं.

पडद्यावर फोटो मोठा करून बघितला आणि माझं भानच गेलं.

“आलं! वाचता येतंय! अहो, बावीसच्या बावीस! खालच्या ओळीतल्या आत्याबाईसुद्धा!” मी कॅमेरा दोघांच्या पुढे धरला.

पडद्याकडे कुणीच बघत नव्हतं. दोघंही माझ्या हाताकडे बघत होते. कॅमेऱ्याचा पट्टा त्या हाताखाली लोंबत होता आणि एकसारखा हलत होता.

रज्जाकभाईंनी खोकं हळूच काउंटरखाली सारलं. “ही तुम्हीच न्या,” ते म्हणाले. “संध्याकाळी येणाऱ्यांना मी सांगतो काहीतरी.” आणि काही काम नसताना ते आतल्या खोलीत निघून गेले.

“कधीपासून?” मुक्ताईनं विचारलं.

“दिवाळीपासून.”

“डॉक्टर?”

“झाले. गोळ्या चालू आहेत.”

“कुठे ठेवता गोळ्या?”

“लेन्सच्या पिशवीत.”

तिनं मान हलवली. रडली असती तर मी काहीतरी समजूत घातली असती. ती रडली नाही.

“म्हणजे मला कळू नये म्हणून. आणि आज मला मागे बसवून सिंहगड रोडवरून इथपर्यंत आणलंत. स्वारगेटच्या त्या गर्दीतून.” तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “मी तुमच्या खांद्याला धरून निवांत बसले होते हो.”

मला शरम वाटली. आयुष्यात इतकी कधी वाटली नव्हती. मी जगभरच्या मालात खोट शोधत हिंडलो, आणि हिला मात्र न सांगता जोखमीवर बसवलं. “चुकलं माझं,” मी म्हणालो.

“अजून काय लपवलंयत?”

“काही नाही. शप्पथ.”

“शप्पथ घेऊ नका. किल्ली द्या.”

दिली. तिनं ती पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

“खडकवासल्याला मी येईन बरोबर, रिक्षानं,” ती म्हणाली. “आता दुसरा हात ठेवा इथे.”

“डाव्याला काही नाही गं. डॉक्टरांनीच सांगितलंय.”

“ठेवा म्हटलं ना.”

मी डावा हात काचेवर ठेवला. तो शांत होता. तिनं फोन बाजूला ठेवला, चष्मा लावला आणि वाकून बघायला लागली. रज्जाकभाई बिल घेऊन बाहेर आले, तरी तिनं मान वर केली नाही.