बॉनेटवरचा हात

पांढरी गोटी — गिअरच्या दांड्यावरची, माथ्याशी पिवळट पडलेली, डाव्या अंगाला केसाएवढी चीर गेलेली — डोरीनच्या तळव्यात नेमकी बसली होती, आणि ती फिरवून काढावी की राहू द्यावी हे तिचं काही केल्या ठरत नव्हतं. गाडी विकताना इथले लोक गोटी ठेवून घेतात. गाडी जाते, गोटी स्वयंपाकघराच्या खिडकीत राहते. थोरला भाऊ हार्लन, त्याच्या खिडकीत तर ओळीने मांडलेल्या आहेत, त्यांच्यावरची धूळही तो पुसू देत नाही. ही गोटी बाबांच्या हाताने गुळगुळीत झालेली. या गाडीत बाबांचं म्हणून आता एवढंच उरलं आहे... बाकी सगळं माझं. बाकी सगळं माझं — हे मनात आलं आणि तिला एकदम हसू फुटलं. साठी उलटलेली बाई एप्रिलच्या थंडीत, अंगणातल्या गाडीत एकटीच बसून हसते आहे. शेजारी बघत असतील तर बघोत.

सत्तर सालची शेव्हेल, दोन दारांची, लांब नाकाची. काल संध्याकाळी तिने ती मुद्दामच गॅरेजबाहेर काढली होती, आणि आता काचांवर दंव साचलं होतं. इंजिन रात्रभर गारठलेलं असणार. तेच तिला हवं होतं. गिऱ्हाईक आलं की आधी बॉनेटवर हात ठेवतं. पत्रा कोमट लागला की समजायचं, विकणाऱ्याने गाडी आधीच चालू करून गरम केली आहे, म्हणजे थंडीत ती कुरकुरते आणि त्याला ते लपवायचं आहे. मन्रोमध्ये, किंवा तळ्याच्या या काठावर कुठेही, जुनी गाडी घेणारा एक वेळ शर्ट घेताना रंगाला फसेल, पण हात ठेवल्याशिवाय राहणार नाही.

मंगळवारी मात्र ती कुरकुरली होती. एकदा खोकली, दुसऱ्यांदा खोकली, तिसऱ्यांदा लागली. डोरीनने खाली सरपटून बघितलं तर बॅटरीपासून गाडीच्या सांगाड्याला जोडलेली अर्थिंगची तार ढिली होती. ती तिने घासून पक्की केली. आणि त्यानंतर थंडी पडलीच नाही — आजपर्यंत. म्हणजे तार तीच होती की दुखणं आणखी कुठे आहे, हे आज, लोकांसमोरच कळणार होतं. हार्लनला तिने हे सांगितलं नव्हतं.

हार्लन डोनटचा खोका घेऊन आला आणि उतरताक्षणी त्याने दंवाकडे पाहिलं.

"अगं, चालू करून ठेव ना. गरम असली की कुठलीही गाडी गोड बोलते. सगळेच करतात."

"तो हात लावून बघेल."

"बघू दे. म्हणायचं, गॅरेजमधून आत्ताच काढली."

तो मग जाहिरातीवर घसरला. इंजिनचा मूळ नंबर गेलाय हे छापायची काय गरज होती, विचारलं असतं तर सांगता आलं असतं, नसतं विचारलं तर प्रश्न मिटला असता — हे सगळं तो डोनट खात, दुसरीकडे बघत बोलला, आणि ती ऐकत राहिली. त्याचं नाव कुठे छापलं होतं तिने.

पण नंबर त्यानेच घालवला होता. गाडी बाबांची, म्हणून ती हार्लनची. यात विचारायचं काही नव्हतंच. लहानपणी गॅरेजमध्ये बाबा आणि हार्लन गाडीखाली, आणि डोरीन टॉर्च धरून उभी... हात दुखून यायचा, उजेड जरा हलला की खालून आवाज यायचा, मी बघतोय तिथे धर, तू बघतेस तिथे नाही. मी बघते तिथे नाही. तिने वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या नजरेवर उजेड धरला, आणि तसा धरता धरता सगळं बघून घेतलं. बाबा गेल्यावर हार्लनने गाडी अगदी कारखान्यातून आल्यासारखी करायला काढली, प्रदर्शनात मांडायला. इंजिनचा ब्लॉक, तो ओतीव लोखंडी ठोकळा, मशीन शॉपमध्ये पाठवला, माथा घासून सपाट करून द्या म्हणाला. त्यांनी सांगितलं तसं केलं. त्या माथ्याच्याच पुढच्या टोकाला कारखान्याने ठोकलेला नंबर असतो, तो गाडीच्या नंबराशी जुळला तरच जुन्या गाड्यांचे शौकीन इंजिन मूळचं मानतात, आणि तो वाचवा असं सांगायला हार्लन विसरला होता. ब्लॉक परत आला तो आरशासारखा. हार्लन त्या आरशाकडे बघत किती वेळ उभा होता... त्या दिवशी तिला त्याची खरीच दया आली होती. मग महिन्याभराने त्याने सगळं दोरखंडाने ओढत तिच्या दारात आणून टाकलं. घे, म्हणाला, आता हिला किंमत नाही, तू सीटा शीव.

ती सीटांच्या कारखान्यातच होती. जन्मभर शिवल्याच होत्या तिने सीटा.

लँडिस नवरा-बायको गाडी बघायला इंडियानाहून आली. तो उंच, खांदे पाडून चालणारा. त्याने येऊन आधी हार्लनशी हात मिळवला. आणि हार्लन बोलायलाच लागला. आम्ही अपघातात चेपलेल्या एका पिकअपचं इंजिन उचललं, आम्ही ब्रेक चारी चाकांना डिस्कचे केले, रस्त्यावर बर्फासाठी टाकतात त्या मिठाने खाल्लेला मागचा तळ आम्ही कापून नवा जोडला... आम्ही. डोरीनने तो शब्द गारठलेल्या हातांनी झेलला आणि खिशात टाकला. खाली पडून वेल्डिंग करताना एक ठिणगी तिच्या बुटात गेली होती, त्याचा डाग घोट्यावर अजून आहे; तो कुणाच्या घोट्यावर आहे, हे हार्लनला ठाऊक होतं.

लँडिसने हातमोजा काढला आणि पंजा बॉनेटवर टेकवला. ठेवला तो उचलेचना. मग तो पहिल्यांदा तिच्याकडे वळला.

"बर्फ आहे नुसता."

"रात्रभर बाहेरच होती," डोरीन म्हणाली. किल्ली तिच्याकडे होती, म्हणून असेल, किंवा त्याने विचारलं नसतानाही ती बोलली म्हणून असेल, पण तो दोन पावलं मागे सरला आणि तिला दार मोकळं करून दिलं.

आत बसल्यावर तिला आपल्याच श्वासाची वाफ दिसली. क्लच. गोटी हातात, गार. मंगळवार... तार ढिली होती, तार पक्की केली, आणि तार नसेल तर — तर काचेपलीकडे हार्लन उभा आहे, त्याच्या ओठांवर साखर आहे, आणि तो म्हणेल, सांगत होतो. आयुष्यभर तो हेच म्हणत आला, आणि आयुष्यभर मी काहीही करताना आधी त्याचं तोंड बघत आले. तिने किल्ली फिरवली.

लागली. पहिल्याच फिरकीला, घसा न खाकरता, अशी लागली की छातीच्या पिंजऱ्यात काहीतरी बसकण मारून बसलं आणि हलेना. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. दंव काचेवरून ओघळत होतं, आणि त्या ओघळांतून लँडिसचं तोंड दिसत होतं, पोराचं होतं तसं. माझी. ही माझी. कुणी ऐकणार नव्हतं म्हणून तिने ते मोठ्याने म्हणूनही घेतलं.

तिने त्याला तळ्याच्या रस्त्याने नेऊन आणलं. परतताना त्याने चालवली. मागे बसलेली मिसेस लँडिस वाटभर काही बोलली नव्हती, तिने उतरताना सीटच्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि कुणाकडून शिवून घेतल्या म्हणून विचारलं. मीच, डोरीन म्हणाली. बाईने पुन्हा एकदा बोट फिरवलं.

मग लँडिस मूळ मुद्द्यावर आला. नंबर कसा गेला, त्याने विचारलं, आणि हार्लनकडे बघूनच विचारलं, कारण आतापर्यंत सगळं 'आम्ही' तिथूनच आलं होतं. हार्लन डोनटच्या खोक्याचं झाकण लावू लागला. ते नीट लागलेलं होतं.

इथे ती एक वाक्य बोलू शकत होती. ते वाक्य कित्येक वर्षं तयार होतं, रात्री उशीवर घासून घासून तिने ते धारदार केलं होतं. आणि आता तोंडाशी आलं तर त्याला चवच नव्हती. नंबर राहिला असता तर ही गाडी चादरीखाली हार्लनच्या गॅरेजमध्ये पडून असती, वर्षातून एकदा प्रदर्शनात जाऊन आली असती, आणि मी अजून टॉर्च धरून...

"शॉपमध्ये घासला गेला," ती म्हणाली. "बरं झालं. तो असता तर यातला एक नटसुद्धा मला बदलू दिला नसता कुणी."

"पण ब्लॉक आहे ना जवळ? मी म्हणतो, निदान मूळचं इंजिन परत बसवता आलं तर—"

"तो माझ्या दिवाणखान्यात आहे. वर काच टाकून टेबल केलंय. चहा-कॉफी उत्तम राहते त्यावर."

मिसेस लँडिस हसली. लँडिस हसला नाही. तो विचार करत होता.

"आणि हिच्यात ते परत बसवायचं असेल," डोरीन म्हणाली, अगदी हळू, "तर तुम्ही ही घेऊ नका. दुसरी बघा. ही अशीच जाईल, नाहीतर राहील."

तो म्हणाला, आम्ही जरा बोलतो, आणि दोघं रस्त्याच्या कडेने चालत गेली. त्याचे खांदे आता पडलेले नव्हते, तो हातवारे करत होता, बायको मान हलवत होती — हो म्हणून की नाही म्हणून, एवढ्या लांबून कळत नव्हतं. डोरीनने थर्मासमधली कॉफी ओतून घेतली. कोपऱ्यामागच्या भंगाराच्या यार्डात एक गंजलेली स्टेशन वॅगन उभी आहे, मागच्या दाराला लाकडी पट्टी असलेली, ती तिला आठवली. तळ गेला असेल तिचा. जाऊ दे, तळ मला जोडता येतो.

आणि कपातला पहिला घोट घशाखाली उतरताना तिच्या लक्षात आलं, की हे सगळं बोलताना — बरं झालं म्हणताना, घेऊ नका म्हणताना — तिने हार्लनच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं. ठरवून नाही. राहूनच गेलं होतं.

म्हणून मग तिने पाहिलं. अंगणात तो नव्हता. तो गाडीत बसला होता, चालवणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर. ज्या गाडीत, दारात आणून टाकल्यापासून, त्याने एकदाही पाय घातला नव्हता, तिच्यात, पट्टा लावून, टोपी मांडीवर ठेवून. डावा हात गोटीवर होता. काच खाली सरकली.

"हीटर चालतो का गं हिचा?"

"चालतो."

"मग एक चक्कर मारून आण की."

"कॉफी संपू दे," ती म्हणाली.

कप अजून अर्ध्याहून जास्त भरलेला होता. लांबवर लँडिस नवरा-बायको वळून परत यायला लागली होती, आणि ती काय सांगणार हे तिला माहीत नव्हतं, आणि गोटी काढायची की ठेवायची हेही ठरलेलं नव्हतं. ऊन बॉनेटवर आलं होतं. तिने आपला पंजा त्यावर टेकवला — पत्रा चांगलाच गरम होता — आणि दुसऱ्या हातातली कॉफी ती सावकाश, एकेक घोट घेत पीत राहिली, आणि गाडीत बसलेला हार्लन वाट बघत राहिला.